मनाचे दुखणे : उपदेश आणि उपचार

मानसशास्त्र हा आमचा विषय नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. तरीही या विषयावर चार शब्द सांगावयाचे आम्ही पत्करले, त्याला कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक.

कासू हे पेण आणि नागोठणे यांच्यामधले लहानसे स्टेशन. या पट्ट्यात भातशेती आहे. पण केवळ तिच्यावर घर भागत नाही, म्हणून पुष्कळ घरांतला एखादा माणूस कारखान्यात पाळीच्या नोकरीला जातो. अशाच एका कारखान्यातला चाळिशीचा एक कामगार, कामाला चोख. त्याच्या डोळ्यांदेखत यंत्रावर सोबत्याला अपघात झाला, आणि दोन-तीन महिन्यांत हा माणूस पार बदलला. रात्री झोप नाही; पाळीला निघाला की छातीत धडधड, हातापायांना घाम. हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष निघाला. घरच्यांनी भगताकडे नेले, अंगारा लावून झाला. खाडे वाढले, नोटीस आली. तेव्हा आम्ही त्याला ओसरीवर बसवून तासभर सुनावले, "अरे, मन घट्ट कर. बायकापोरांकडे बघ." त्याने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आम्हालाही टाळू लागला. आमच्यातल्या काहींनी तर त्याला कामचुकार ठरवून टाकले होते.

अखेर त्याला एका मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नेले. डॉक्टरांनी तपासले आणि एका तरुण मुलीकडे पाठवले. ती चिकित्सालयीन मानसशास्त्राची शिकाऊ उमेदवार होती. पन्नाशी गाठलेल्या आम्हांला जे जमले नाही, ते ही पोर काय करणार, असे आमच्या मनात आले. खोलीत आम्हांला तिने घेतले नाही. बाहेर आल्यावर "काय म्हणाला?" असे विचारले, तर नम्रपणे सांगितले की, ते सांगावयाचे की नाही हे काकाच ठरवतील. पुढे त्याने आपण होऊन सारे सांगितले आणि नाव न घेता इतरांस सांगण्याची मुभाही दिली. म्हणून हा लेख.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकी शिकलेला डॉक्टर. औषध तो देतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. बोलणे, निरीक्षण आणि सराव ही त्याची हत्यारे. एम.ए. झाल्यावर रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकावे लागते, आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते. कारखान्यातला अप्रेंटिस उस्तादाच्या नजरेखाली यंत्र उघडतो, तसेच हे. शिकाऊ माणूस प्रत्येक भेटीची टिपणे वरिष्ठांपुढे ठेवतो आणि चुकला तर तेथे सुधारतो.

पहिल्या भेटीत त्या मुलीने एकही उपदेश केला नाही. तिने केवळ विचारले. हे केव्हा सुरू झाले? धडधड कोठे होते, किती वेळ टिकते, तेव्हा मनात काय येते? मग तुम्ही काय करता? झोप, जेवण, दारू, कर्ज, घरातले आजार, सारे क्रमाने विचारले. एक प्रश्न तर सरळच केला, "काका, जीव नकोसा वाटतो का?" असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेले खूळ शिरते, असा लोकांचा समज आहे. तो खरा नाही. उलट, कोंडलेले बोलावयास वाट मिळते. उत्तर 'होय' आले, तर गुप्ततेचा नियम तेथे सैल होतो. वरिष्ठांना तत्काळ कळवावे लागते, घरच्यांना सावध करावे लागते, शेतीचे विषारी औषध हाताशी राहणार नाही असे पाहावे लागते. हे सारे तिने आरंभीच सांगून ठेवले होते.

पुढच्या भेटीत तिने कागदावर एक चक्र काढले. छाती धडधडते, 'आता हृदय बंद पडणार' असा विचार येतो, त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते, माणूस अर्ध्या वाटेवरून घरी परततो आणि त्याला हायसे वाटते. हे हायसे वाटणे हीच खरी मेख! घर म्हणजे सुरक्षित आणि कारखाना म्हणजे मरण, हा धडा मन प्रत्येक वेळी नव्याने गिरवते. दुखणे कशाने सुरू झाले हा एक प्रश्न, आणि ते कशावर टिकून आहे हा दुसरा. आमच्या उपदेशाने या चक्राचा एक दातासुद्धा हलला नव्हता. फक्त लाज तेवढी वाढली होती.

उपाय दोघांनी मिळून ठरवला. पहिल्या आठवड्यात केवळ बसथांब्यापर्यंत जावयाचे आणि भीती ओसरेपर्यंत तेथेच थांबावयाचे. मग बस, मग कारखान्याचे फाटक. रोज वहीत भीतीला शंभरांपैकी गुण द्यावयाचे. 'हृदय बंद पडणार' या समजुतीला पुरावा काय, हेही तपासावयाचे. घटनेइतकाच घटनेविषयीचा आपला ग्रह माणसाला छळतो, हा विचार अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून उपचारात आणला. ठाण्यात १९९० साली निघालेल्या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो मराठीत सोप्या भाषेत घरोघर पोहोचवला.

सर्वांना एकच मात्रा लागू पडते असे मात्र नाही. उदासीनतेत माणूस अंथरूण धरतो, आणि अंथरूण धरल्याने उदासी वाढते; तेथे लहानसहान कामांपासून आरंभ करतात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी तो केला. २०१७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तीन महिन्यांनी, उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीव्र उदासीनतेतून बाहेर आले होते, नेहमीच्याच व्यवस्थेत राहिलेल्यांपैकी ३९ टक्के. भ्रम होणे, आवाज ऐकू येणे अशा दुखण्यांत मात्र डॉक्टरांचे औषध आधी लागते.

आता युनियनवाल्याच्या मनात येणारी शंका. कामगाराला धोक्याची सवय लावून परत यंत्रापुढे उभे करावयाचे, हा तर मालकाच्याच सोयीचा उपचार नव्हे काय? ही शंका आम्ही त्याच्यामार्फत तिच्यापर्यंत पोहोचवली. तिने उलट निरोप धाडला, "भीती खोटी आहे असे मी म्हटलेले नाही. त्या यंत्रावर जाळी बसली का?" आम्ही निरुत्तर झालो. जाळी बसली नव्हती. अपघाताच्या भरपाईसाठी आम्ही भांडलो होतो, जाळीचा अर्ज मात्र फायलीतच पडून होता. बसथांब्यावर उभे राहणे हे त्याचे काम, जाळी बसवून घेणे हे आमचे. त्याने आपले काम केले. मग आम्हीही आमचे केले. जाळी बसल्यावर तो आधी दिवसपाळीला, पुढे तिन्ही पाळ्यांना येऊ लागला. अजूनही एखादी रात्र वाईट जाते. पण आता तो वही काढतो.

२०१५-१६ साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मनाचा काही विकार होता, आणि त्यांतले बहुसंख्य उपचाराविना होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या दुखण्याला शरीराच्या दुखण्याइतकाच हक्क दिला आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी दूरध्वनीसेवा आहे. तीवर मराठीतही बोलता येते.

आपल्या आळीत, खात्यात, घरात एखादा माणूस गप्प झाला, खाडे करू लागला, तर 'मन घट्ट कर' हे शब्द ओठांवर येतील. ते तेवढे आवरावे, "केव्हापासून होतंय?" असे विचारावे, आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. मग सोबतीला दवाखान्यापर्यंत जावे, आणि खोलीबाहेर बसावे.