आहेरात छप्पन्न चौकोन

ग्रुपमधल्या पहिल्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर पडली, की नवरीला वगळून लगेच दुसरा ग्रुप तयार होतो. ‘गिफ्टचं काय?’ मग डिनर सेट की एअर फ्रायर यावर दोन दिवस चर्चा, आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, ‘पाकीट देऊन टाकू या ना!’ पाकिटात वाईट काहीच नाही, नव्या संसाराला पैसे लागतातच. पण जिच्या नोट्सवर तीन वर्षं निघाली, तिच्यासाठी थोडं जास्त करावंसं वाटतंय? मग सगळ्यांनी मिळून एक ब्लँकेट विणा.

मिळून पांघरूण करणं आपल्याकडे नवीन नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून घरातल्या, शेजारच्या बायका गोधडी शिवायच्या. फरक इतकाच, की तुमचा ग्रुप आता एका ओसरीवर बसत नाही. कुणी पुण्यात नोकरीला, कुणी नागपुरात, कुणी बंगळूरुला.

म्हणूनच दोन सुयांपेक्षा क्रोशा बरा. दोन सुयांवर अख्खं ब्लँकेट विणायला घेतलं, तर ते एकाच्याच मांडीवर राहतं. क्रोशाला एकच सुई लागते आणि सुटे चौकोन विणता येतात. साखळी आणि खांब एवढे दोन टाके जमले, की ‘ग्रॅनी स्क्वेअर’ जमतो. व्हिडीओ आहेतच, पण घरात आजी किंवा मावशी क्रोशा करत असेल तर आधी तिला गाठा. तुमचा टाका कुठे ढिला पडतोय, हे व्हिडीओ सांगत नाही.

आधी गणित मांडा

पंधरा सेंटिमीटरचा एक चौकोन धरा. सात बाय आठ, म्हणजे ५६ चौकोन जोडले की साधारण साडेतीन बाय चार फुटांचं ब्लँकेट होतं. सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसायला पुरेल एवढं. नवशिक्या हाताला एका चौकोनाला तासभर लागतो, म्हणजे ५६ तास. एकट्याचं काम नाही हे. चौघांत वाटलं तर प्रत्येकी १४. आठवड्याला दोन केले तरी सात आठवडे. लग्न डिसेंबरात असेल, तर गणपतीत सुरुवात करा आणि दिवाळीला घरी याल तेव्हा चौकोन सोबत आणा.

पुढचं काम कंटाळवाणं आहे. प्रत्येक चौकोनाला धाग्याची किमान दोन टोकं सुटतात, म्हणजे ११२ टोकं सुईने आत लपवायची. हे शेवटावर ठेवू नका, चौकोन झाला की लगेच उरका. मग जोडणी आणि कडेची किनार. त्यासाठी दोन सुट्ट्या राखून ठेवा.

आणि तिला नाही आवडलं तर? सरप्राइजचा हट्ट सोडा, रंग तिलाच विचारा. तिच्या नव्या घराच्या भिंती कुठल्या रंगाच्या, हे तुम्हाला कुठे माहीत असतं? दिल्यानंतर मात्र ‘वापरतेस ना?’ म्हणून मागे लागू नका. ते सोफ्यावर ठेवायचं की कपाटात, हे तिचं तिला ठरवू द्या.

एवढा वेळ प्रत्येक लग्नाला देता येणार नाही. तशी गरजही नाही, बाकीच्यांना पाकीट आहेच. पण कुणासाठी द्यायचा हे ठरलं असेल, तर पत्रिकेची वाट बघू नका. साखरपुड्याची बातमी कळली, की त्याच आठवड्यात लोकर आणा.

विणायला घेताय?

• सगळी लोकर एकदम घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा. लॉट बदलला की त्याच रंगाची छटा बदलते.
• सगळ्यांनी एकाच मापाची सुई वापरा. आधी एक नमुना चौकोन विणून मोजा. हात घट्ट असेल तर सुई थोडी जाड घ्या.
• चौकोनांची शेवटची फेरी एकाच्याच हातून होऊ द्या, मापातला फरक झाकला जातो.
• अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपं. पण गरम इस्त्री फिरवली की त्याचा फुगीरपणा जातो, तशी चिठ्ठी ब्लँकेटसोबत ठेवा.