संघ कागदावरचा, न्याय खरा

चतुर्थीच्या माटोळीची लगबग घरोघरी सुरू होते, त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचा हंगाम रंगू लागतो. गोमंतकीय तरुणांची एक निराळीच धावपळ तेव्हा दृष्टीस पडते. कोणी घरच्या सोप्यावर, कोणी तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात बसून ते आपापले संघ रचीत असतात. हे संघ मैदानावर कधीच उतरत नाहीत. खरे खेळाडू निवडून कागदावर संघ बांधावयाचा आणि ते खेळाडू प्रत्यक्ष सामन्यांत जे करतील, त्याचे गुण आपल्या पदरात पाडून घ्यावयाचे, असा हा ‘फँटसी फुटबॉल’ नावाचा खेळ आहे. वडीलधाऱ्यांना तो रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. या खेळातील खरी परीक्षा खेळणाऱ्याची नसून नियम करणाऱ्याची असते. आणि नियम करणे हे कोणत्याही समाजात सर्वांत अवघड काम आहे.

या खेळाचा उगम अमेरिकेतला. आपल्या फुटबॉलहून सर्वस्वी भिन्न अशा तेथील फुटबॉलमधील ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ साली काही सहकाऱ्यांसह त्याचे नियम आखले आणि १९६३ मध्ये खेळाडूंची पहिली निवड झाली. संघ अवघे आठ. प्रत्येकाने वीस खेळाडू घ्यावयाचे, आणि कोणत्या जागेसाठी किती, हेही ठरलेले. त्या वीसांत बचाव करणाऱ्यांसाठीही जागा राखून ठेवल्या होत्या, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. कारण पुढे तेथील बहुतेक लीगमध्ये बचाव करणारे खेळाडू एकेकटे निवडण्याची रीत मागे पडली आणि एखाद्या संघाची सबंध बचावफळी एकगठ्ठा घेण्याची प्रथा रूढ झाली. आक्रमण करणाऱ्याला नाव राहिले, अडविणारा गर्दीत हरवला.

आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या खेळात पंधरा खेळाडू निवडावयाचे असतात : दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मधल्या फळीतले आणि तीन आघाडीवीर. खर्चाला दहा कोटी पौंडांची कल्पित थैली, आणि एका क्लबातून तिघांहून अधिक घेण्यास मनाई. या दोन बंधनांतच खेळाचा प्राण आहे. थैलीला तळ नसता तर प्रत्येकाने हालंड आणि सलाह यांच्यासारखे सारेच मोहरे उचलले असते आणि सगळे संघ एका साच्यातून काढल्यासारखे दिसले असते. तिघांची मर्यादा नसती तर विजेत्या क्लबाची नक्कल करणे हीच हुशारी ठरली असती. बंधन आहे म्हणूनच अभ्यासाला वाव आहे. कोपऱ्यातल्या लहान क्लबातील स्वस्त पण कष्टाळू खेळाडू शोधून काढणाऱ्याची दृष्टी तेथे कसाला लागते.

गुणांची वाटणी हा त्याहून नाजूक विषय. गोल करणारा सर्वांना दिसतो. गोल होऊ न देणारा कितीजणांना दिसतो? गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा मोहरा ज्या भूमीने भारतीय संघाला कर्णधार म्हणून दिला, त्या गोमंतकाला तरी हा प्रश्न समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. प्रीमियर लीगच्या या खेळात संघाने गोल न स्वीकारल्यास गोलरक्षकाला व बचावपटूला चार गुण मिळतात. परंतु दिवसभर चेंडू अडवून, परतवून अखेर एक गोल झालाच, तर त्या बचावपटूचे श्रम पाण्यात जात. २०२५-२६ च्या हंगामापासून चेंडू परतविणे, अडविणे, हिसकावून घेणे अशा दहा कृती एका सामन्यात करणाऱ्या बचावपटूला दोन गुण देण्याचा नियम झाला. उशिरा सुचलेले असले तरी हे शहाणपण स्वागतार्ह आहे. वहीत ज्याची नोंद होते त्यालाच किंमत येते, हा जगाचा न्याय आहे. म्हणून वही आखणाऱ्याची जबाबदारी मोठी.

जेथे एक खेळाडू एकाच संघाला मिळतो, अशी पद्धत असेल तेथे निवडीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पहिल्या फेरीत अखेरच्या क्रमांकावर असलेल्याला दुसऱ्या फेरीत पहिला मान द्यावयाचा, पुढच्या फेरीत क्रम पुन्हा उलटवावयाचा, ही सर्पाकार रीत म्हणूनच रूढ झाली. चिठ्ठीने आलेल्या दुर्दैवाची तीत काहीशी भरपाई होते. मित्रमंडळींच्या लीग मोडतात त्या बहुधा हरल्यामुळे नव्हे, तर हंगामाच्या मध्यावर कोणीतरी सोयीने नियम वाकविल्यामुळे. बदली कधीपर्यंत करता येईल, जखमी खेळाडूचे काय करावयाचे, बरोबरी झाल्यास निकाल कसा लावावयाचा, हे सारे पहिल्या सामन्यापूर्वी लिहून सर्वांच्या हाती दिले पाहिजे; आणि तळाला गेलेल्यालाही शेवटच्या आठवड्यापर्यंत खेळावेसे वाटेल, अशी काही योजना त्यात असली पाहिजे.

एक गोष्ट मात्र आम्ही निःसंदिग्धपणे सांगू इच्छितो. या खेळात पैशाने पाय ठेवला की नियमांचा हेतूच पालटतो. खेळणाऱ्याची बुद्धी पारखण्याऐवजी त्याचा खिसा रिकामा करणे हे साध्य बनते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. त्याच्या तपशिलाविषयी मतभेद असू शकतील. परंतु आंगवळणी पडलेल्या जुगाराने कित्येक घरांतली चूल विझते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मित्रामित्रांतील बिनपैशाची चुरस त्याने मावळत नाही. उलट तिला आता मोकळे मैदान मिळाले आहे.

म्हणून आमच्या तरुणांनी संघ जरूर रचावेत, पण त्याआधी एका संध्याकाळी एकत्र बसून नियम रचावेत. ते रचताना आपण पहिले येऊ असे समजू नये. आपणच शेवटचे असू, असे समजून लेखणी चालवावी. शेवटच्यालाही जे मान्य होतात, तेच नियम न्याय्य. ही सवय कागदावरच्या संघाने लावली, तरी ती उद्या पंचायतीच्या सभेत, देवस्थानच्या महाजनांत आणि सहकारी संस्थेच्या बैठकीत उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही.