पानांचा पिवळेपणा आणि दिनमान : धारूर परिसरातील पिकांच्या संदर्भात

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या धारूरच्या परिसरात उतारावरची हलकी मुरमाड जमीन व सखल भागातील काळी, चुनखडीयुक्त जमीन हाकेच्या अंतरावर आढळतात. एकाच पावसाळ्यात, एकाच वाणाचे सोयाबीन दोन्हीकडे पिवळे पडते. परंतु पिवळेपणाची कारणे बहुधा भिन्न असतात. तथापि उपाय मात्र सरसकट एकच योजिला जातो, तो म्हणजे युरियाची एक जादा मात्रा. हा खर्च पुष्कळदा वाया जातो, आणि खऱ्या कारणाकडे लक्ष वेधले जाईपर्यंत उपायाची वेळ टळून गेलेली असते.

निदानाचा पहिला प्रश्न असा की, पिवळेपणा कोणत्या पानांपासून सुरू झाला? नत्र, मॅग्नेशियम व पालाश ही द्रव्ये वनस्पतीच्या शरीरात चल असतात. तुटवडा पडताच ती जुन्या पानांतून निघून कोवळ्या शेंड्याकडे जातात. म्हणून त्यांच्या उणिवेची खूण बुडाकडील पानांवर प्रथम उमटते. नत्र कमी पडल्यास सबंध पान फिकट होते, मॅग्नेशियमच्या अभावी शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, तर पालाशाची उणीव पानाच्या कडा करपवते. लोह व गंधक यांचे स्थलांतर सहजी होत नसल्यामुळे त्यांची उणीव शेंड्याकडील कोवळ्या पानांत दिसते. गंधकाच्या अभावी कोवळे पान सर्वत्र फिकट होते. लोहाच्या अभावी शिरांची हिरवी जाळी स्पष्ट उरते व प्रकोप वाढल्यास पान जवळजवळ पांढरे पडते.

चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह मुळीच नसते असे नाही. ते विपुल असते; परंतु जमिनीच्या अल्कधर्मीपणामुळे अविद्राव्य स्वरूपात अडकून राहते. पाणी साचल्यास बायकार्बोनेट वाढून मुळांची लोह शोषण्याची शक्ती आणखी खुंटते. अशा ठिकाणी युरियाने काहीही साधत नाही. चर काढून पाण्याचा निचरा करणे व वाफसा येऊ देणे हा खरा उपाय होय. संशय असल्यास हिराकशीचे अर्धा टक्का द्रावण, थोडी चुन्याची निवळी मिसळून, चारदोन झाडांवरच फवारून पाहावे. काही दिवसांत ती पाने हिरवी झाली तर निदान पक्के. उलटपक्षी नत्राचा संशय असेल तेव्हा झाड मुळासकट उपटून मुळांवरील गाठी कापून पाहाव्यात. आतून गुलाबी असलेली गाठ कार्यक्षम असते. पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची अनियमित नक्षी दिसल्यास ती पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या मोझॅक विषाणूची होय. तेथे खताचा विचारच अप्रस्तुत ठरतो.

याखेरीज एक पिवळेपणा रोगाचा नसतोच. शेंगा भरताना सोयाबीन आपल्या पानांतील नत्र दाण्यांकडे वळविते, आणि पाने पिवळी पडून गळतात. धारूरच्या डोंगरउतारावरील सीताफळही (बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) फळांचा हंगाम संपल्यावर असाच पर्णभार उतरविते. ही पक्वता केव्हा यावी हे ठरविण्यात दिनमानाचा वाटा मोठा आहे.

दिनमान व फुलोरा यांचा संबंध प्रथम ज्या वनस्पतींत जाणवला त्यांत भांगेचे झाड होते. ज्युलियन तूर्न्वा यांनी १९१२ च्या सुमारास पॅरिस येथे भांग व हॉप यांवर प्रयोग करून लहान दिवसांत फुलोरा लवकर येतो हे दाखविले. पुढे महायुद्धात त्यांचा अंत झाला व विषय तेथेच राहिला. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीन यांच्या आधारे त्याची उपपत्ती मांडली. यानिस्चेव्हस्की यांनी १९२४ मध्ये वर्णिलेली रुडेरॅलिस ही भांगेची रानटी जात मात्र दिनमानाची वाट न पाहता वयानुसार फुलते. आज परदेशात ‘आपोआप फुलणारे’ म्हणून ओळखले जाणारे वाण तिच्याच संकरातून आले. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक अधिनियमानुसार परवान्यावाचून या झाडाची लागवड करता येत नाही. म्हणून अभ्यासासाठी सोयाबीन व तूर हीच सोयीची उदाहरणे.

वनस्पती वस्तुतः दिवस मोजीत नाही, अखंड अंधार मोजते. हॅमनर व बॉनर यांनी १९३८ मध्ये हे दाखविले. १९५२ मध्ये बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स व सहकाऱ्यांना असे आढळले की, तांबडा प्रकाश रात्रीचा हा हिशेब मोडतो व अतितांबडा तो पूर्ववत करतो. धारूरच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. फरक अवघा सव्वादोन तासांचा. तरी लघुदिनी तुरीस तेवढा पुरतो. ढगाळ हवामानाने प्रकाशाची मात्रा घटते, वाढ मंदावते. परंतु दिनमान बदलत नाही. या दोन गोष्टींची गल्लत विद्यार्थी वारंवार करतात.

रस्त्यावरच्या दिव्यालगतचे सोयाबीन उर्वरित शेत पिवळे होऊनही हिरवेच राहिलेले दिसते, त्याचे कारण हेच. तेथे खत जास्त पडले असे समजणे चूक होय. धारूर तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात; तत्पूर्वी मळणी उरकणे त्यांना भाग असते, आणि असा हिरवा पट्टा राहिला की त्याची काढणी मागे पडते. दिव्यावर शेताच्या बाजूने आडोसा बसविणे, किंवा तेवढ्या पट्ट्यात दिनमानास फारसे न जुमानणारे मुगाचे अल्पमुदती वाण पेरणे, एवढ्याने ही अडचण टळू शकते.