अर्धशिशीच्या मुळाशी

मंडालेत 1924 साली जन्मलेल्या सत्यनारायण गोएंकांनी तरुणपणीच ब्रह्मदेशातल्या व्यापारात मोठे नाव कमावले. पैसा आला, मान आला आणि अर्धशिशीही मागे लागली. कळ इतकी भयंकर की मॉर्फिनचे इंजेक्शन घ्यावे लागे. पुढे मॉर्फिनचेच व्यसन जडेल, ही नवी धास्ती. युरोप, अमेरिका, जपान सगळे पालथे घातले. दुखणे जागचे हलले नाही.

वाट सापडली ती रंगूनमध्येच. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. सरकारी हिशेब सांभाळणारा हा गृहस्थ विपश्यनेचा, म्हणजे बुद्धाने शिकवलेल्या ध्यानाचा, आचार्य होता. एका मित्राच्या सल्ल्याने गोएंका त्यांच्याकडे गेले आणि आपले दुखणे सांगितले. सयाजींनी साफ नकार दिला. डोकेदुखीवर इलाज हवा असेल तर ही विद्या त्यासाठी नाही. मन निर्मळ करायचे असेल तरच या.

गोएंका पेचात पडले. घर कट्टर सनातनी. बुद्धाच्या वाटेने गेलो तर आपला धर्म सुटेल, ही भीती. पण सयाजी शिकवणार होते शील, समाधी आणि प्रज्ञा. यांना कोणता धर्म नाही म्हणेल? बऱ्याच घालमेलीनंतर 1955 मध्ये ते दहा दिवसांच्या शिबिराला बसले. दुसऱ्याच दिवशी पळून जावेसे वाटले. एका साधिकेने समजूत घातली म्हणून थांबले.

आधी आनापान: नैसर्गिक श्वास नुसता पाहायचा. मग विपश्यना: डोक्यापासून पायांपर्यंत शरीरावरच्या संवेदना न्याहाळायच्या. इथे त्यांना खरे मूळ दिसले. राग बाहेरच्या माणसामुळे येतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शरीरात संवेदना उठते आणि मन तिच्यावर तुटून पडते. तीच संवेदना समतेने पाहिली, तर ती उठते तशी विरते. हे ऐकीव ज्ञान नव्हते. स्वतःच्या कातडीवर घेतलेला अनुभव होता. अर्धशिशी गेली, पण आता ती गौण झाली होती.

पुढे 14 वर्षे सयाजींच्या हाताखाली अभ्यास चालला. 1962 च्या लष्करी सत्तापालटानंतर उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गोएंकांचे कारखाने गेले. समतेची याहून कठोर परीक्षा ती काय! हातचे गेले त्याचा शोक न करता, मोकळा झालेला वेळ त्यांनी साधनेला दिला.

1969 मध्ये सयाजींनी त्यांना आचार्य नेमले. ते भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैत मुंबईत त्यांच्या आईवडिलांसह मोजक्या साधकांचे पहिले शिबिर झाले. 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली आणि तिथून ही विद्या जगभर पोहोचली.

या साऱ्याचे श्रेय मी सयाजींच्या त्या नकाराला देतो. त्यांनी डोकेदुखीवर उतारा दिला असता, तर एक रोगी बरा होऊन आपल्या पेढीवर परतला असता. त्यांनी रोग्याचे मागणेच बदलायला लावले, म्हणून आचार्य घडला.