टेकडीवरचा झेंडा
(लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण तारेच्या खांबांमागोमाग चाललो. पण खांब रोवून तार ओढायला वेळ लागतो, आणि लढाईच्या दिवशी तासातासाला जागा बदलणाऱ्या फौजेला तो मिळत नाही. अमेरिकन यादवी युद्धात अशा वेळी कामाला आला एक झेंडा, एक दुर्बीण आणि एखादी उंच टेकडी.

झेंड्याची ही भाषा आल्बर्ट मायर या लष्करी डॉक्टरची. १८५१ साली त्याने वैद्यकीचा प्रबंध लिहिला, तोच मुळी मूकबधिरांसाठीच्या खुणांच्या भाषेवर. पुढे फौजेत गेल्यावर तीच कल्पना त्याने मैदानात आणली. झेंडा एका बाजूला झुकवला की एक अंक, दुसऱ्या बाजूला की दुसरा. अंकांच्या जुळणीतून अक्षर. रात्री झेंड्याऐवजी मशाल. १८५९ च्या चाचण्यांत त्याच्या मदतीला एडवर्ड पोर्टर अलेक्झांडर हा तरुण लेफ्टनंट होता. युद्ध पेटले आणि जॉर्जियाचा अलेक्झांडर दक्षिणेच्या फौजेत गेला. गुरूची विद्या दोन्ही बाजूंना पोचली. २१ जुलै १८६१ रोजी बुल रनच्या लढाईत अलेक्झांडरने दुरूनच शत्रूच्या पितळी तोफेची चमक टिपली आणि आपल्या डाव्या बगलेला झेंड्याने वेळीच सावध केले.

आता गेटिसबर्ग, २ जुलै १८६३. उत्तरेच्या फौजेच्या डाव्या टोकाला लिटल राउंड टॉप ही टेकडी. दुपारी तिच्यावर सैन्य म्हणावे असे नव्हतेच. होते ते फक्त सिग्नल दलाचे ठाणे. दक्षिणेचा सेनापती ली याचा बेत होता की त्याचा सेनानी लाँगस्ट्रीट याने या बाजूने अचानक तुटून पडावे. एका चढावर लाँगस्ट्रीटच्या पायदळाच्या लक्षात आले की टेकडीवरून आपण उघड दिसतो आहोत. रांग थांबली, मागे वळली, लांबच्या वाटेने फिरून आली. हल्ला सुरू व्हायला दुपारचे चार वाजले. त्याच जागी अलेक्झांडरने आपल्या तोफा आधीच शेतांतून आडवाटेने पुढे नेल्या होत्या. वरचे डोळे काय टिपतात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

त्या दुपारी दीडच्या सुमाराला टेकडीवरून कॅप्टन जेम्स हॉलचा संदेश गेला: शत्रूचे सुमारे १०,००० पायदळ आपल्या डाव्या टोकासमोरून उजवीकडे सरकते आहे. अनेक अभ्यासकांच्या मते ही लाँगस्ट्रीटची मागे वळलेली रांगच असावी. तसे असेल, तर हॉलला जे दिसले ते तंतोतंत खरे होते. पण संकट दूर जाते आहे असे वाटायला लावणारे होते. मला या लढाईतला हा प्रसंग सर्वांत अस्वस्थ करतो.

नंतर उत्तरेच्या फौजेचा मुख्य अभियंता वॉरन टेकडीवर चढला. धोका त्याला लगेच उमगला. सिग्नलवाले झेंडे गुंडाळून निघण्याच्या बेतात होते. टेकडीवर सैन्य आहे असे शत्रूला वाटावे म्हणून त्याने त्यांना झेंडे हलवतच राहायला सांगितले, आणि मदतीसाठी माणसे धाडली. उत्तरेच्या व्हिन्सेंटची ब्रिगेड हल्लेखोरांच्या थोडीच आधी पोचली.

दुर्बिणीला दिसत नाही ते टिपण्याचे काम दुसरीकडे चालू होते. न्यूयॉर्कचा वकील कर्नल जॉर्ज शार्प १८६३ च्या सुरुवातीपासून उत्तरेच्या पोटोमॅक फौजेचे खबर खाते चालवत होता. याआधी हेच काम करणारे पिंकर्टनचे गुप्तहेर शत्रूची संख्या वाटेल तेवढी फुगवून सांगत. शार्पने आकड्यांचा अंदाज बांधण्याऐवजी नावे गोळा केली. कैदी, पळून आलेले सैनिक, हेर, झेंड्यांचे अहवाल हे सगळे एकमेकांशी ताडून शत्रूची कोणती ब्रिगेड कुठे आहे याचा तक्ता तो ठेवी. एकट्या कैद्याचे बोलणे त्याच्या लेखी कच्चा माल होता.

त्याच २ जुलैला या खात्याने कळवले: जवळपास १०० रेजिमेंटांचे कैदी हाती आले आहेत, आणि त्यांत पिकेटची डिव्हिजन वगळता लीच्या प्रत्येक ब्रिगेडचा माणूस आहे. याचा अर्थ उघड होता. ताजा राहिला होता तो एकटा पिकेट. त्या रात्री उत्तरेचा सेनापती मीड याच्या सेनानींनी तिथेच पाय रोवून राहायचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तोफांचा मारा थांबल्यावर, समोरच्या झाडीतून बाहेर पडलेल्या रांगांत पिकेटची माणसे होती.

(पुढील आठवड्यात: शत्रूचे झेंडे वाचणारे)