भूतानला जायचंय? आधी मतदार कार्ड काढा

अष्टविनायक झाले, पंढरपूर झालं, दोन गटांनी काशीही केली. आता बायका विचारतात, "ताई, भूतानला जाता येईल का हो?" येईल की! पण तयारी चार-सहा महिने आधी सुरू करावी लागते, आणि ती बॅगेपासून नाही, कागदापासून.

भूतान हा वेगळा देश आहे. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, या दोनपैकी एक हवं. आधार कार्ड चालत नाही. आपल्याकडे सगळं काम आधारवर होतं, म्हणून हे पुन्हा सांगते. आपल्या बायकांची खरी अडचण नावाची असते. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर वयच चुकलेलं. मतदार कार्डातल्या दुरुस्तीसाठी फॉर्म नंबर 8 भरायचा. गावातल्या बीएलओला भेटा किंवा सेवा केंद्रात ऑनलाइन भरून घ्या. सहलीला नाही गेलात तरी हे काम करून ठेवाच. बरोबर लहान मूल असेल तर त्याचा जन्मदाखला घ्या.

आता पैसा. भूतान सरकार प्रत्येक पर्यटकाकडून रात्रीमागे शुल्क घेतं, भारतीयांना माणशी 1200 रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. म्हणजे दहा जणी पाच रात्री राहिल्या तर साठ हजार रुपये नुसतं शुल्क. राहणं, जेवण, गाडी वेगळी. भूतानला थोडेच पर्यटक हवे आहेत. देशाची साठ टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील, असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय. शुल्क बदलू शकतं, म्हणून पैसे भरण्याआधी त्या वेळचा आकडा विचारा. माझं स्पष्ट मत सांगते, या सहलीसाठी गटाच्या अंतर्गत कर्जाला हात लावू नका. ज्यांना जायचंय त्यांनी दरमहा वेगळी बाजू काढावी. ते पैसे बियाण्याचे, दवाखान्याचे आहेत.

जाताना रेल्वेने न्यू जलपायगुडी गाठायचं. मुंबईहून दोन दिवस धरा. तिथून हासीमारा स्टेशन किंवा गाडीने जयगाव. जयगाव आपल्या पश्चिम बंगालमध्ये, आणि कमान ओलांडली की भूतानचं फुंत्शोलिंग. पुढे थिंफू आणि पारोला घाटाचा रस्ता. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. सुगी आणि दिवाळी बघून तारीख ठरवा, नाहीतर निम्म्या जणी गळतात.

पारोजवळ उभ्या कड्यावर तक्त्संग मठ आहे, वाघिणीचं घर. गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले, अशी तिथली श्रद्धा. मठ 1692 मध्ये बांधला. उंची तीन हजार मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट! जाऊन-येऊन पाच-सहा तास चालणं. घोडा मिळतो, पण निम्म्या वाटेपर्यंतच आणि फक्त चढताना. गुडघे दुखणाऱ्या, बीपी-दम्याच्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पायथ्याशी बसून मठ छान दिसतो, त्यात कमीपणा नाही. चढणारीने साडी नको, सलवार-कमीज आणि बूट घालावेत. मठात अंग झाकलेलं हवं, आत फोटो काढायचा नाही.

जेवणात एमा दात्शी असतं, मिरची आणि चीजचं. मिरची तिथे फोडणीला नसते, तीच भाजी! ठेचा खाणाऱ्यांनाही घाम फुटतो. माळकरी असाल तर हॉटेल ठरवतानाच शाकाहारी सांगा. बटाट्याचं केवा दात्शी सोसवतं.

आपला रुपया तिथे चालतो, त्यांचं नगुलट्रम रुपयाच्याच किमतीचं. शंभराच्या नोटा जास्त ठेवा. घड्याळ मात्र अर्धा तास पुढे करायचं.

आणि एक बघून या. तिथल्या बायका घरी मागावर किरा विणतात, तो त्यांचा पोशाख. पश्चिम भूतानात घर-जमीन परंपरेने मुलीकडे जाते. विणणारीजवळ बसलात तर कापडाचा भाव विचारा आणि ही जमीन कुणाच्या नावावर आहे, हेही विचारा.