पांढऱ्या छत्रीचे गैरसमज

फ्लॅशपुढे लावायच्या छत्रीचं पांढरं कापड उजेड ‘गाळतं’ आणि म्हणून तो मऊ होतो, ही समजूत हौशी फोटोग्राफरांत इतकी पक्की बसली आहे, की काहीजण फ्लॅशवर चक्क पांढरा हातरुमाल बांधतात. फोटो काळपट येतो, नाकाची सावली मात्र होती तशीच धारदार राहते.

कापडाचं काम वेगळंच आहे. फ्लॅशचं तोंड जेमतेम सात-आठ सेंटिमीटर रुंद असतं. तिथून निघालेला उजेड छत्रीभर पसरवायचा आणि अख्ख्या छत्रीलाच दिवा करून टाकायचा, एवढंच कापड करतं. दिवा चेहऱ्याच्या मानाने मोठा असला, की त्याच्या एका कडेचा उजेड नाकाआड अडला तरी दुसऱ्या कडेचा तिथवर पोचतो आणि सावलीची कड विरून जाते. रुमालाने दिव्याचा आकार वाढत नाही, उजेड तेवढा कमी होतो. फ्लॅशवर बसवायच्या प्लास्टिकच्या टोपीचंही तेच. खोलीत ती भिंती आणि छतावर उजेड उडवते म्हणून कामाला येते. मोकळ्या मैदानात नुसतीच बॅटरी संपवते.

आकार म्हणजे इथे किती मोठं दिसतं ते. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, पण तो आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर. त्यामुळे आकाशात दिसतो फक्त अर्ध्या अंशाचा. मे महिन्यातल्या दुपारच्या फोटोत डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात ते म्हणून. आषाढात आभाळ भरून आलं की तेच आभाळ दिवा होतं, आणि अंगणात उभ्या माणसाची सावली शोधावी लागते. मीटरभर रुंदीची छत्री चेहऱ्यापासून मीटरभरावर असेल, तर ती सुमारे ५३ अंशांचा कोन व्यापते. तीच चार मीटरवर नेली की उरतात १४.

तरीही ‘उजेड फार कडक पडतोय, छत्री जरा मागे घे’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मागे नेली की उजेड मंद होतो (अंतर दुप्पट, तर उजेड साधारण चौथाई), पण सावल्या आणखी टोकदार होतात. करायचं नेमकं उलट: छत्री फ्रेमच्या कडेला लागेल इतकी पुढे आणायची आणि फ्लॅशची ताकद उतरवायची. आरपार उजेड सोडणारी पांढरी छत्री इथे सरस ठरते. चांदीच्या अस्तराच्या छत्रीत फ्लॅश माणसाकडे पाठ करून असतो, त्यामुळे दांडा आणि स्टँड मध्ये येतात. घरच्या मोठ्या ग्रुप फोटोला मात्र हा जवळिकीचा नियम गुंडाळून ठेवावा. नाहीतर या टोकाची आत्या पांढरीफटक आणि त्या टोकाचे मामा अंधारात.

छत्री मोठी घेऊनही फरक दिसत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी फ्लॅशच्या मागचा पडदा बघावा. झूमचा आकडा १०५ वर असेल, तर उजेडाचा अरुंद झोत कापडाच्या मधोमध ताटाएवढा गोळा पाडतो, आणि बाकीची छत्री नुसती शोभेला उघडलेली असते. आकडा ३५ किंवा २४ वर आणला की ती कडेपर्यंत उजळते. खात्री करायला एक फोटो थेट छत्रीचाच काढावा.

सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड असलेला बंद डबा) महाग म्हणून त्याचा उजेड जास्त मऊ, हाही भ्रमच. आकार आणि अंतर सारखं ठेवलं तर मऊपणात फारसा फरक पडत नाही. फरक आहे तो शिस्तीचा. सॉफ्टबॉक्स उजेड पुढेच ठेवतो. आरपार छत्री बराचसा मागे आणि बाजूंना उधळते. १० बाय १२ च्या पांढऱ्या खोलीत ही उधळण फुकटची मदत होते, कारण भिंतींवरून परतलेला उजेड सावल्या भरून काढतो. भिंती पोपटी असल्या तर सावलीकडच्या गालावर हिरवी झाक येते, आणि व्हाइट बॅलन्स बदलून ती जात नाही. ती दुरुस्त करायला गेलं, तर उजेडाकडचा गाल गुलाबी होतो.

‘छत्री स्टुडिओतच चालते’ या समजाला मोठा धक्का दिला तो बाल्टिमोरचे वृत्तपत्र छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी. २००६ पासून ‘स्ट्रोबिस्ट’ या नावाने त्यांनी कॅमेऱ्यापासून सुटा केलेला छोटा फ्लॅश, हलका स्टँड आणि दुमडती छत्री, एवढ्यावर काम कसं भागवायचं हे इंटरनेटवर शिकवायला घेतलं. सगळा संसार एका खांद्याला लावता येतो.

मात्र हलका स्टँड वाऱ्यापुढे टिकत नाही. ताशी ३० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर मीटरभर छत्रीवर साधारण चार किलो वजनाइतका जोर पडतो, आणि तोही दोन मीटर उंचीवर. पायाला छोटी वाळूची पिशवी बांधून तो आवरत नाही. सिंहगडावर प्री-वेडिंगचे फोटो काढताना स्टँड धरायला एक माणूस हवाच. तो नसेल, तर छत्री सरळ मिटावी आणि जोडप्याला बुरुजाच्या सावलीत, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभं करावं.